दोन नागाव आणि एक व्हिडिओ

मी उरण तालुक्यात बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आज बोलणार आहे फोनवरच्या व्हिडिओबद्दल. रात्री भांडी आवरल्यावर आपण बघत बसतो ते नव्हेत. आपल्या घरची खोली आणि आपल्या हातचं जेवण पाहुण्यापर्यंत पोहोचवतात, त्या व्हिडिओंबद्दल.

12 जानेवारी 2024 ला अटल सेतूचं उद्घाटन झालं, आणि त्याच दिवशी उरणपर्यंतच्या लोकलचंही. पूर्वी मुंबईचा माणूस भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदरावर उतरायचा, नाहीतर रस्त्याने मोठा वळसा घालून यायचा. आता तो सकाळी निघून नाश्त्याला आपल्याकडे पोहोचतो. पण कुठे उतरायचं, कुठे जेवायचं हे तो घरून निघायच्या आधीच फोनवर बघून ठरवतो. तिथे आपण दिसलो नाही, तर तो आपल्या दारावरून पुढे निघून जातो.

आमच्या एका गटाची गोष्ट सांगते. गाव नागाव. गटातल्या दोघींनी कर्ज काढून घरालगत एकेक खोली नीट केली. फरशी घातली, आत संडास-बाथरूम केलं. मग एक मुलगा आला. म्हणाला, "ताई, मी व्हिडिओ करून देतो, पाहुणे रांग लावतील." गटाने त्याला आठ हजार रुपये दिले. व्हिडिओ बघून सगळ्या खूश! वरून घेतलेला समुद्र, सुरूची झाडं, पाण्यावर पळणाऱ्या बोटी, मागे गाणं. प्रत्येकीने स्टेटसला ठेवला.

पहिल्याच शनिवारी दोन कुटुंबं आली, अकरा माणसं. संध्याकाळी मुलं विचारायला लागली, "बोटी कुठे आहेत?" तेव्हा उलगडा झाला. ती दृश्यं अलिबागच्या नागावची होती! नाव एक, पण किनारे दोन. आपल्या नागावला तसल्या बोटी नाहीत. पाहुणे चिडले, आगाऊ दिलेले पैसे परत घेऊन गेले, आणि फोनवर जिथे लिहिता येतं तिथे वाईट लिहून ठेवलं. पुढे दोन महिने कुणी फिरकलं नाही. पण कर्जाचा हप्ता काही थांबत नाही.

बैठकीत काही जणी म्हणाल्या, "बंद करा हे." तेव्हा गटातली सगळ्यांत मोठी आजी बोलली, "नाही ते दाखवलं म्हणून भांडण झालं. आहे ते दाखवू ना!"

तिच्या नातीने फोन धरला. आजी चुलीवर तांदळाची भाकरी भाजत होती. भाजता भाजताच म्हणाली, "हे उरणचं नागाव, अलिबागचं नव्हे. आमच्याकडे बोटी नाहीत. दोन खोल्या आहेत, पंखा आहे, एसी नाही. समुद्र चालत जाण्याइतका जवळ आहे. मासळी त्या दिवशी मिळेल ती." मग खोली, बाथरूम, एका माणसाचे दर आणि गटाचा नंबर. सगळं मिळून चाळीस सेकंद.

तीन आठवड्यांनी डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला, "एसी नसला तरी चालेल, जिताडा मिळेल का?" त्या आल्या, आणि पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन परत आल्या. फार मोठा धंदा झाला असं मी सांगणार नाही. पण आता हप्ता चुकत नाही.

मैत्रिणींनो, व्हिडिओ म्हणजे पाहुण्याला दिलेला शब्द आहे. तो पाळता येईल एवढाच द्यायचा.

हे आपल्यासारख्यांना जमतं का? जमतं. सिंधुदुर्गातले प्रसाद गावडे 'कोकणी रानमाणूस' या नावाने जंगल, गाव आणि गावातलं साधं राहणं दाखवतात, आणि ते बघून लोक कोकणातल्या घरांत राहायला जातात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे आजी 'आपली आजी' या चॅनेलवर गावरान स्वयंपाक दाखवून लाखो लोकांपर्यंत पोहोचल्या. 2020 साली त्यांचं चॅनेल हॅक झालं होतं, पुढे ते परत मिळालं. त्यातून धडा घ्या. खातं गटाच्या नावाने उघडा, पासवर्ड दोघींनाच माहीत असू द्या, आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. व्हिडिओ करणाऱ्या मुलाच्या नावावर तर खातं मुळीच ठेवू नका.

आता करायचं कसं ते ऐका. आधी कॅमेऱ्याची काच पदराने पुसा. सकाळच्या उजेडात घ्या. किनाऱ्यावर वाऱ्याने आवाज ऐकू येत नाही, म्हणून बोलायचं ते आडोशाला उभं राहून बोला. रीलसाठी आणि स्टेटससाठी फोन उभा धरा, यूट्यूबच्या मोठ्या व्हिडिओसाठी आडवा. एका व्हिडिओत एकच गोष्ट सांगा. गावाचं आणि तालुक्याचं नाव सुरुवातीलाच घ्या. पाहुण्यांचे आणि त्यांच्या मुलांचे चेहरे त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

दाखवायचं काय? पिरवाडीचा किनारा, करंजाची द्रोणागिरी देवी, चिरनेरचा महागणपती, थंडीतली पोपटी. घारापुरी तर आपल्याच तालुक्यात आहे, 1987 पासून जागतिक वारशात आहे. पण तिथली लेणी सोमवारी बंद असतात, तेही सांगा. मोठ्या ओहोटीला मोऱ्याची लाँच काही वेळ थांबते, तेही सांगा. अडचण आधी सांगितली की पाहुण्याचा विश्वास बसतो.

एक सावधगिरी. व्हिडिओत नंबर दिला की फसवणारेही फोन करतात. "मी मोठा अधिकारी, दहा जणांचं बुकिंग आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका," असं म्हणतात. लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. असं झालं तर लगेच 1930 ला फोन करा. हा आकडा उरणकरांनी विसरायचा नाही, कारण आपला चिरनेरचा जंगल सत्याग्रह 1930 सालचाच.

आणखी एक. राज्य सरकारचं 2023 चं 'आई' हे महिला पर्यटन धोरण आहे. पर्यटन व्यवसाय करणाऱ्या स्त्रीला 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजाचा परतावा मिळू शकतो. त्याला अटी आहेत, म्हणून कर्ज काढण्याआधी पर्यटन संचालनालयात चौकशी करा.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने तीस सेकंदांचा एक व्हिडिओ करून आणा. अंगणाचा, चुलीचा, खोलीचा, कसलाही चालेल. आधी आपण सगळ्या मिळून बघू आणि एकमेकींना विचारू, यात दाखवलंय ते सगळं आपल्याकडे आहे ना? उत्तर 'हो' आलं, की मग लोकांना दाखवू.