तालाची स्पर्धा
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ह्या व्यासपीठावर गेल्या पन्नास वर्षांत नाट्यसंगीतापासून संतवाङ्मयापर्यंत अनेक विषयांचा ऊहापोह झाला. आजचा माझा विषय ऐकून काही ज्येष्ठ सभासदांच्या कपाळाला आठ्या पडतील. तो विषय म्हणजे पडद्यावरचे तालाचे खेळ आणि त्यांच्या स्पर्धा. आपली मुले त्यांत गुंगून जातात आणि ती नेमके काय करीत आहेत हे जाणून न घेताच आपण त्यांना बोल लावतो. म्हणून हा प्रपंच.

ह्या खेळांना खरा बहर आला तो जपानमध्ये. १९९७ साली कोनामी कंपनीने 'बीटमेनिया' हे यंत्र तेथील खेळघरांत आणले. पुढच्याच वर्षी 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' आले. पडद्यावर बाण सरकत येतात आणि खेळाडूने पायाखालच्या चार बाणांपैकी योग्य त्या बाणावर, नेमक्या ठेक्याला, पाऊल टाकायचे. १९९९ च्या 'बीटमेनिया टूडीएक्स'मध्ये सात पट्ट्या आणि एक फिरती तबकडी आहे. कठीण गाण्यात त्यांवरून बोटे धावताना पाहिली म्हणजे तबल्यावरच्या द्रुत रेल्याची आठवण होते. सर्वोच्च गुण हवे असतील तर ठोक्याच्या मागेपुढे सुमारे सेकंदाचा साठावा भाग, एवढीच सूट! आपल्याकडे सम चुकली तर जाणकारांच्या माना हलायच्या थांबतात; इथे यंत्र तत्क्षणी गुण कापते.

करमणुकीची स्पर्धा झाली ती ह्याच काटेकोरपणामुळे. दोघांना एकच गाणे द्यावे आणि गुण मोजावेत; पंचांशी हुज्जत घालण्याचे कारणच उरत नाही. २०११ पासून कोनामीने आपल्या यंत्रांच्या अजिंक्यपद स्पर्धा भरविल्या. २०२१ साली खेळघरे चालविणाऱ्या कंपन्यांच्या संघांची व्यावसायिक लीगही सुरू झाली. २००७ साली निघालेल्या 'ओसू!' ह्या घरच्या संगणकावरील खेळाची तर देशवार संघांची विश्वचषक स्पर्धा होते. जून २०२३ मध्ये सिंगापूरला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ई-स्पोर्ट्सचे सामने भरविले, त्यांत नेमबाजी आणि बुद्धिबळ ह्यांच्या पंक्तीला 'जस्ट डान्स' हा नृत्याचा खेळ बसला होता.

लोकप्रियतेचे आणखी एक कारण मला दिसते. बंदुकांचे खेळ पाहताना नवख्याला कोण कोणावर गोळी झाडतो आहे तेच उमगत नाही. इथे प्रेक्षकाच्या कानांवर गाणे पडत असते, खेळाडूची चूक त्याला समोर दिसते, आणि नकळत त्याचाही पाय ठेका धरतो. लेझीम पाहताना आपले जे होते, तेच.

आपल्या सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सना बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यांपासून वेगळे काढले. हा भेद पालकांनी ध्यानात ठेवावा. सगळेच मोबाईलवाले जुगारी नव्हेत. (सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाने राजपत्राचा आधार घेतल्याखेरीज भाषण पुरे कसे करावे?)

आता माझा आक्षेप. आपला कलावंत लयीशी खेळतो. तो समेला हुलकावणी देतो, किंचित मागे रेंगाळतो, आणि मग असा येऊन पडतो की सभागृहातून 'वाहवा' उमटते. यंत्र त्या रेंगाळण्याचे गुण कापील! म्हणून ह्या खेळाला संगीत म्हणण्यास माझे मन धजत नाही. तो खेळ आहे आणि खेळ म्हणूनच त्याचा मान ठेवावा. रियाज मात्र खरा आहे. तीन मिनिटांच्या एका गाण्यासाठी ही मुले तोच तुकडा शेकडो वेळा घोटतात.

कल्पकतेला तिथे अगदीच वाव नाही, असेही नव्हे. 'ओसू!'मधील ठोक्यांची मांडणी बहुतांशी खेळणारेच रचतात. ढोलाच्या अंगाने जावे की गायकाच्या स्वराच्या, कुठे दाटी करावी आणि कुठे जागा मोकळी सोडावी, हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्यामुळे एकाच गाण्यावरच्या दोघांच्या मांडण्या सहसा सारख्या नसतात, आणि कोणाची मांडणी सरस ह्यावर ही मुले रात्र रात्र वाद घालतात.