उत्तर कोणी द्यावयाचे?



'जबाबदारी' आणि 'उत्तरदायित्व' हे शब्द आपण समानार्थी मानतो. एक फारसीच्या वाटेने आलेला, दुसरा संस्कृतोद्भव. पण दोहोंच्या पोटी एकच क्रिया आहे, विचारल्यावर उत्तर देण्याची. देशोदेशी विस्तारलेल्या कंपन्या आणि मानवी हक्क या आजच्या विषयाचे मर्म मला या क्रियेत दिसते.

आपणा इंदूरवासीयांना त्यासाठी दूर जावयास नको. १९८४ च्या २ डिसेंबरच्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. रसायनाची टाकी थंड राखणारी यंत्रणा तेव्हा बंद होती. भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. नफ्याला समुद्र आडवा आला नाही. प्रश्न मात्र किनाऱ्यावरच अडला. १९८६ मध्ये अमेरिकी न्यायालयाने दावा भारताकडे धाडला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. २००१ मध्ये मूळ कंपनी डाऊ केमिकलने घेतली. जुने दायित्व मात्र तिने आपले मानले नाही. २०१० मध्ये शिक्षा झाली ती भारतीय अधिकाऱ्यांना. मूळ कंपनीचे तत्कालीन प्रमुख वॉरेन अँडरसन २०१४ मध्ये निवर्तले, पण येथील खटल्यास ते कधीच सामोरे गेले नाहीत. २०२५ च्या जानेवारीत त्या कारखान्याचा ३३७ टन विषारी कचरा आपल्या शेजारच्या पीथमपुरास जाळण्यासाठी आला, तोही सरकारी खर्चाने.

२०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावयाचे असतात. त्यालाही आपण 'सामाजिक उत्तरदायित्व'च म्हणतो. हा खर्च स्वागतार्ह आहे. पण शाळेला संगणक दिल्याने विहिरीत मिसळलेल्या विषाचे उत्तर मिळत नाही. कोणास काय द्यावे, हे दाता ठरवितो. प्रश्न कोणता, हे पीडित ठरवितो.

संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी हा भेद जाणला. शासनाने हक्कांचे रक्षण करावे, कंपन्यांनी त्यांचा आदर राखावा आणि पीडितास दाद मिळावी, अशी ती त्रयी आहे. परंतु ती बंधनकारक नाहीत. २०१७ मध्ये फ्रान्सने मात्र मोठ्या कंपन्यांना आपल्या उपकंपन्या व पुरवठादारांकडील धोक्यांवर लक्ष ठेवणे कायद्याने बंधनकारक केले. जेथे नियंत्रण, तेथे उत्तर, हे सूत्र त्यामागे आहे.

या शाळेचे अनेक विद्यार्थी आज कंपन्यांच्या अधिकारपदांवर आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: सुरक्षेवरील खर्च कमी करणारा कागद सहीसाठी समोर येईल, तेव्हा त्याचे उत्तर उद्या कोणाला द्यावे लागेल, हे सही करण्यापूर्वी विचारा.