मूर्ती हजाराची, हाती किती?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली. भाषणाची मला सवय नाही, परंतु माझी झालेली फसगत सांगितली तर चार जणींचे पैसे वाचतील, म्हणून उभी राहिले.

आपल्या हमरापूर-जोहे भागात घरोघरी गणपती रंगतात. गेल्या हंगामात मुलीने मोबाईलवरच्या बाजारात शाडूच्या आठ इंची मूर्ती हजार रुपयांना लावल्या. दहा गेल्या. मी मनात दहा हजार मोजले!

पैसे आले तेव्हा डोळे उघडले. एका मूर्तीमागे कमिशन १०० रुपये, ठरीव आकार ३० आणि वाहतूक २००, असे ३३० रुपये कापले होते. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९ रुपये ४० पैसे. हाती आले ६१० रुपये ६० पैसे. कच्ची मूर्ती ३८०, रंग ६०, खोके व भरण १२०, असा माझा खर्च ५६०. उरले अवघे ५० रुपये ६० पैसे! रंगकाम आणि डोळ्यांची आखणी यांची मजुरी मी धरलीच नव्हती. त्यात एक मूर्ती फुटून परत आली. नऊ मूर्तींची शिल्लक ४५५ रुपये, आणि एकीत ५६० मातीमोल!

यात चोरी कोणाची नव्हती. दर आधीच लिहिलेले होते. मी वाचले नव्हते. अडत, हमाली, तोलाई आपल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक होती. हीही तीच, नावे तेवढी नवी.

वाहतुकीची एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूर्ती काट्यावर अडीच किलो भरली, पण खोके तीस सेंटीमीटर लांब, रुंद, उंच होते. तिन्ही मापांचा गुणाकार करून पुष्कळ ठिकाणी ५,००० ने भागतात. आले ५.४ किलो, आणि जास्त वजनाचे पैसे लागतात. पंचवीस, वीस, तीसचे खोके असते तर तीनच किलो झाले असते. मात्र मूर्तीला इजा होणार नाही एवढी भरणाची जागा सोडावीच.

आता मी भाव उलट बाजूने काढते. आधी खर्च, मग मजुरी २०० रुपये, मग सर्व कपात, शेवटी फुटीचा वाटा. तीच मूर्ती १,२५० ला लावावी लागते. गिऱ्हाईक तेवढे देणार नसेल, तर ती तेथे विकूच नये, दारावर विकावी.

आणखी एक सांगते. १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त नोंद क्रमांक घेऊन, आपल्या राज्यापुरते तेथे विकता येते. तेव्हा भिऊ नका, पण दरपत्रक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

भगिनींनो, गणपतीचे डोळे आपण इतके जपून आखतो. आपल्या हिशेबाकडेही तसेच डोळे उघडून पाहू या.