मालप्याचा दमसास

पेडणे तालुक्यातल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात यंदा प्रमुख पाहुण्या होत्या शाळेच्याच एक माजी विद्यार्थिनी. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य गायन शिकून त्या आता तेच शिकवतात. त्यांना विषय दिला होता ऑपेरा गायनातल्या श्वासाचा. पण व्यासपीठावर उभ्या राहिल्या आणि आधी आठवला तो प्रार्थनेचा तास.

त्या वेळी शाळेत पेटी होती, माईक नव्हता. पावसाळ्यात कौलांवर सरी कोसळत असायच्या. संगीताच्या बाई शेवटच्या रांगेमागे जाऊन उभ्या राहायच्या आणि शब्द तिथवर आले नाहीत की कडवं पुन्हा म्हणायला लावायच्या. "ओरडू नको, पोचव," एवढंच त्यांचं सांगणं. पुढे ऑपेराच्या वर्गातही आपल्याला हेच शिकवलं गेलं, असं पाहुण्यांनी सांगितलं.

तंत्राला मग जेमतेम पाच मिनिटं मिळाली. श्वास घेताना छाती आणि पोट यांमधला पडदा खाली सरकतो, खालच्या फासळ्या रुंदावतात. गाताना त्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत, म्हणजे हवा एकदम सुटत नाही आणि स्वरतंतूंवरचा दाब सांभाळता येतो. एकटा गळा अख्ख्या वाद्यवृंदावरून ऐकू येतो, तो नुसत्या जोरावर नव्हे. स्वीडनचे संशोधक योहान सुंदबर्ग यांनी दाखवलं, की ऑपेरात तयार झालेल्या आवाजात, विशेषतः पुरुषांच्या, ३००० हर्ट्‌झच्या आसपास ऊर्जा एकवटते. वाद्यवृंदाचा जोर त्या पट्ट्यात कमी असतो. गोमंतकीय घरातल्या, मुंबईत जन्मून लंडनच्या गिल्डहॉलमध्ये शिकलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ हीच विद्या भारतातल्या तरुण गायकांना देतात.

"पण पोरांनो, श्वास आपल्या तालुक्यालाही ठाऊक होता," म्हणत त्या तालुक्यातल्याच मालपे गावाकडे वळल्या आणि तिथेच रमल्या. तिथल्या गायिका अंजनीबाई मालपेकर किती जणांना माहीत, असं विचारताच मोजकेच हात वर झाले. १८८३ साली जन्मलेल्या अंजनीबाई मुंबईत नजीर खाँकडे शिकल्या. त्यांचं भेंडीबाजार घराणं दमसासासाठी नावाजलेलं: मोकळा आकार, एका श्वासात लांबलचक पल्ले. १८९९ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्या मैफलीत गायल्या. तेव्हा ध्वनिक्षेपक कुठला? १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांनीही त्यांच्याकडून विद्या घेतली.

यानंतर पाहुण्यांनी एकच धोशा लावला: रोज वीस मिनिटं माईकशिवाय गा. गायक व्हायचं नसलं तरी गा. कराओकेचं ॲप बंद करून गा. माईक आवाज मोठा करतो, श्वास लांबवत नाही, हे त्यांनी तीनदा सांगितलं, आणि तीनदा सांगण्याजोगंच ते आहे.

बोलता बोलता नजर पहिल्या रांगेकडे गेली. तिथे गावातले एक वयस्क दशावतारी कलाकार बसले होते. "मामा, माईक येण्याआधी रात्रभर तुमचा आवाज टिकायचा कसा? या मुलांना एकदा येऊन सांगा." मामांनी मान हलवली. पालकांना विनंती झाली, की घरात मूल गात असेल तर टीव्हीचा आवाज कमी करा. शेवटी त्या मुख्याध्यापकांकडे वळल्या: पुढच्या वर्षीचं स्वागतगीत माईकशिवाय होऊ द्या. आताच्या संगीतशिक्षिकेने बसल्या जागेवरूनच होकार दिला. अट एकच घातली, कार्यक्रम मैदानात नको, सभागृहात घ्या. उघड्यावर मुलांचा आवाज विरून जातो.