बाकरवडीचे कूळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



अशा प्रसंगी संतवाङ्मयावर बोलावे, हा शिरस्ता आम्हांस ठाऊक आहे. आम्ही मात्र बाकरवडीवर बोलणार आहोत. गेल्या पन्नास वर्षांत मंडळाच्या किती बैठका तिच्यावाचून पार पडल्या, हे कार्यवाहांनी इतिवृत्ते चाळून सांगावे!

भास्कर गणेश चितळे यांनी 1939 साली सांगली जिल्ह्यातील भिलवडी येथे दुधाचा व्यवसाय आरंभिला. रघुनाथराव तथा भाऊसाहेब आणि नरसिंहराव तथा राजाभाऊ या त्यांच्या पुत्रांनी 1950 साली पुण्यात 'चितळे बंधू मिठाईवाले' हे दुकान थाटले. म्हणजे मूळ धंदा दुधाचा आणि मिठाईचा. बाकरवडी आली 1976 साली. आपल्या मंडळाच्या बरोबरीचीच म्हणायची. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याच्या त्यांच्या रिवाजावर दिल्लीतही विनोद झाले. 2017 साली तो रिवाज मोडला, तेव्हा पुणेकरांपेक्षा परप्रांतीच अधिक हळहळले असावेत.

तिला आपण 'आपली' म्हणतो. परंतु तिचे कूळ शोधू गेल्यास पंचाईत होते. आकार गुजराती भाखरवडीचा आणि तिखटपणा नागपूरच्या पुडाच्या वडीचा, असा तिचा जन्म सांगितला जातो. घरातील स्त्रियांनी चव जुळवली, राजाभाऊंनी ती बाजारात आणली आणि मागणी हातांना आवरेना, तेव्हा यंत्रे आली. 2019 साली तर मराठी आणि गुजराती कुटुंबांच्या भाखरवडीवरील भांडणाची एक हिंदी दूरदर्शन मालिकाही निघाली होती.

आम्ही नागपूरचे. पुडाच्या वडीला आमच्याकडे सांबारवडी म्हणतात. सांबार म्हणजे कोथिंबीर. ओल्या कोथिंबिरीचे सारण, त्यात खसखस, सुके खोबरे, वरून बेसनाचे पातळ आवरण, आणि सोबत कढी. ती तव्यावरच्या पोळीसारखी, गरम असतानाच खावी. कोथिंबिरीचे पाणी सुटते आणि दुसऱ्या दिवशी ती मऊ पडते. पुण्याच्या वडीत ओले काही ठेवलेलेच नाही. धणे, तीळ, खसखस, खोबरे असे सारे कोरडे, आणि मंद आचेवर तळून उरलासुरला ओलावाही काढून टाकलेला. म्हणूनच झेलम एक्सप्रेसच्या प्रवासात, वरच्या फळीवरील पिशवीत, ती निर्धास्त दिल्ली गाठू शकली.

सरकारी वसाहतीतील आमच्या पहिल्या घरी पुण्याहून कोणी आले, की प्रथम पुडा बाहेर निघे आणि मग ख्यालीखुशाली. शेजारचे पंजाबी गृहस्थ तिला 'पूनेवाली मठरी' म्हणत. आम्ही दुरुस्ती करीत असू, ते पुन्हा तेच म्हणत. आता गुरुग्राम-नोएडात ती घरबसल्या मागवता येते. पाहुण्यांकडे तिची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. ही सोय आम्हांस आवडते, आणि किंचित रुखरुखही लागते.

मात्र खरी चुटपुट निराळीच आहे. पुण्याची वडी पुड्यातून घरी येत राहिली, त्या भरात आईची सांबारवडी शिकून घेण्याचे आम्हां कोणासही सुचले नाही. तिने कृती लिहून ठेवली नव्हती. सुटीत नागपूरला जावे, खावी आणि परतावे, इतकाच आमचा परिपाठ. आई गेली त्या वर्षी कपाटात बाकरवडीचे दोन पुडे होते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कन्येने ती करण्याचे मनावर घेतले. दिल्लीच्या थंडीत कोथिंबिरीला तोटा नाही. भाजीवाला मूठभर फुकटच घालतो. पहिल्या दोन घाण्यांत वड्या तेलात उकलल्या. तिसरा घाणा जमला. चव आईच्या हातची नव्हती, खसखस कमी पडली होती बहुधा. चार वड्या उरल्या. सकाळी त्या मऊ पडल्या होत्या. कार्यालयात जाण्यापूर्वी आम्ही त्या तशाच खाल्ल्या.