गादी, शीर आणि कमरेचे छोटे सांधे

आपल्या बावड्यात कंबर धरून बसलेल्या माणसाला काय झालं म्हणून विचारलं, तर बहुतेक दोनच उत्तरं मिळतात. ‘गादी सरकलीय’ नाहीतर ‘शीर दबलीय’. आज मी तिसऱ्याच जागेबद्दल बोलणार आहे.

राजाराम कारखान्याचा हंगाम सुरू झाला की ऊस भरणाऱ्या बाईकडं जरा नीट बघा. मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून वर चढते आणि वर पोचल्यावर कंबर मागं टाकून, अंग वळवून मोळी सोडते. वाकून उचलताना भार पुढं गादीवर असतो. मागं झुकून वळताना मात्र तो मणक्यांच्या पाठीमागच्या छोट्या सांध्यांवर जातो.

दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी असते आणि मागं डावीउजवीकडं एकेक सांधा. गुडघ्यात असतं तसं कूर्चा, वंगण, आवरण सगळं त्यात आहे, म्हणजे झीज आणि सूजही आलीच. १९११ मध्ये अमेरिकेत गोल्डथ्वेट यांनी या सांध्यांकडं बोट दाखवलं होतं. पण १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेली गादी दाखवून दिली आणि पुढं कित्येक वर्षं सगळ्यांचं लक्ष गादीनंच वेधून घेतलं.

मणक्यातून निघालेल्या मज्जातंतूची मोठी फांदी पुढं जाते, लहान फांदी पाठीकडं वळते. तिची आतली शाखा खालच्या मणक्याच्या आडव्या हाडाच्या मुळाशी, खाचेतून सरकत सांध्याला पोचते. प्रत्येक सांध्याला अशा दोन शाखा मिळतात. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या सांध्याला तिसऱ्या आणि चौथ्या कंबर-मज्जातंतूची. एकच बधिर केली तर दुसरी वेदना पोचवतच राहते. ऑस्ट्रेलियाच्या बोग्डक यांनी या शाखांचा मार्ग बारकाईनं मांडला, म्हणून आज सुई नेमकी कुठं न्यायची ते कळतं.

याच शाखा कण्यालगतच्या खोल स्नायूलाही जातात. त्यामुळं सांधा दुखला की स्नायू आखडतो. उसण भरली म्हणून पायाळू माणसाचा पाय लावून घेणारे आपल्याकडं अजून आहेत. दोनचार दिवसांत स्नायू आपोआप सुटतो आणि श्रेय पायाला मिळतं.

वेदना कमरेतच थांबते असंही नाही. १९७६ मध्ये मूनी आणि रॉबर्टसन यांनी या सांध्यांत खारं द्रावण टोचलं, तेव्हा कळ पायात उतरली. पायात कळ आली म्हणजे शीरच दबली, असं धरून चालू नका.

एमआरआयवरही एवढा जीव टाकू नका. कंबर कधीच न दुखलेल्या माणसांच्या फिल्ममध्येही झिजलेल्या गाद्या आणि सांधे दिसतात. सांधाच दुखतोय का हे ठरवायचं, तर त्याच्या दोन्ही शाखांपाशी भूल टोचून वेदना थांबते का ते पाहावं लागतं. एकदा केलेली चाचणी फसवते, म्हणून ती दुसऱ्यांदा करतात. दोन्ही वेळा आराम पडला, तरच सुईच्या टोकाच्या उष्णतेनं त्या शाखा निकामी करण्याचा विचार करायचा. शाखा काही महिन्यांनी पुन्हा वाढतात. मधल्या वेदनामुक्त काळात कमरेचा व्यायाम झाला नाही, तर निम्मं काम वाया गेलं असं मी समजतो.

बहुतेकांना इथवर यावंच लागत नाही. चालतं-फिरतं राहून आणि व्यायामानं दुखणं आटोक्यात येतं. पण पाऊल लुळं पडलं, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर मालीश नको, वाट बघणं नको. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.