अर्ज नाकारण्याची रीत
(नभोवाणीवरील भाषण)

मनुष्याच्या हातून चूक होणें जितकें स्वाभाविक आहे, तितकेंच ती चूक कोणी तरी योग्य वेळीं आणि योग्य शब्दांत दाखवून देणें आवश्यक आहे. कचेरीच्या खिडकीपाशीं बसलेला एखादा जाणता कारकून अर्ज हातीं घेतो, त्यावरून नजर फिरवितो, आणि 'येथें सही राहिली, ही तारीख चुकली' असें सांगून तोच कागद परत देतो. अर्जदार उभ्या उभ्या दुरुस्ती करतो व काम पार पडतें. दुसरा कारकून 'अर्ज चुकीचा आहे' एवढेंच बोलतो, कागद टोपलींत टाकतो आणि पहिल्यापासून सर्व पुन्हां लिहून आणावयास सांगतो. नियम दोघांचेहि तेच. परंतु एकाच्या खिडकीशीं लोक निःशंकपणें जातात, व दुसऱ्याकडे जावयाचें म्हटलें कीं त्यांच्या अंगावर कांटा येतो. आज शाळेचा प्रवेश, आगगाडीचें तिकीट, विजेचें बिल हीं सारीं कामें संगणकाच्या पडद्यावर होऊं लागलीं आहेत, आणि खिडकीशीं बसण्याचें काम प्रोग्रॅमकडे आलें आहे. हा नवा कारकून कसा निघेल हें सर्वस्वीं तो प्रोग्रॅम लिहिणाराच्या हातीं असतें.

असे प्रोग्रॅम लिहिण्यासाठीं ज्या तयार चौकटी आहेत, त्यांपैकीं 'रेल्स' ही एक प्रसिद्ध चौकट होय. डेव्हिड हाइनमायर हॅन्सन ह्या डॅनिश गृहस्थांनीं ती २००४ सालीं सर्वांस खुली केली. जपानचे युकिहिरो मात्सुमोतो यांनीं निर्माण केलेल्या रूबी भाषेंत ती लिहिलेली आहे. तिच्यांत कामाची वांटणी तीन ठिकाणीं असते. मॉडेल म्हणजे माहितीचें स्वरूप आणि तिचे नियम जाणणारा भाग; व्ह्यू म्हणजे डोळ्यांपुढें येणारें पान; आणि कंट्रोलर म्हणजे या दोहोंमधील दूत. माहिती शुद्ध आहे कीं नाहीं हें ठरविण्याचे नियम मॉडेलमध्यें लिहावे असा येथील दंडक आहे, आणि त्यामागें शहाणपण आहे. माहिती पडद्यावरील अर्जांतून येवो, मोबाइलवरून येवो, कीं जुन्या याद्यांची नक्कल करतांना येवो, तिला एकाच दारांतून आंत यावें लागतें. ब्राउझरहि रिकामा रकाना पाहून अर्जदाराला तत्काळ थांबवूं शकतो हें खरें. परंतु ती केवळ सोय झाली. पानाला वळसा घालून सर्व्हरकडे थेट माहिती पाठविणें कोणाहि जाणत्यास शक्य असल्यामुळें अंतिम तपासणी सर्व्हरवरच व्हावयास हवी.

एका वाचनालयाच्या सभासदाचा अर्ज उदाहरणादाखल घ्यावा. नांव हवें, पत्ता हवा, वय अंकांत हवें, ई-मेलचा पत्ता दुसऱ्या कोणाचा नसावा, असे चार नियम मॉडेलमध्यें लिहिलेले आहेत. अर्ज आला कीं कंट्रोलर मॉडेलला 'सेव्ह' अशी आज्ञा देतो. मॉडेल प्रथम सर्व नियम लावून पाहतें. पहिली चूक सांपडतांच तें थांबत नाहीं. सर्व नियम तपासून जितक्या चुका असतील तितक्यांची नोंद 'एरर्स' नांवाच्या यादींत करतें. यादी रिकामी राहिली तरच माहिती डेटाबेसकडे जाते. एरवीं ती जात नाहीं, आणि उत्तर 'नाहीं' असें मिळतें. प्रत्येक नोंदींत चूक कोणत्या रकान्याची व कोणत्या प्रकारची हें असतें; जी चूक कोणा एका रकान्याची नसून संपूर्ण अर्जाची आहे, ती 'बेस' या सदराखालीं जाते. पूर्वीं ही यादी मुख्यतः रकान्याचें नांव आणि संदेशाचे शब्द अशा स्वरूपाची असे. २०२० सालच्या ६·१ या आवृत्तीपासून प्रत्येक चूक ही एक स्वतंत्र वस्तु मानली जाऊं लागली.

'सेव्ह' या आज्ञेचें दुसरेंहि एक रूप आहे. त्याच्या शेवटीं उद्गारचिन्ह असतें. पहिलें रूप नकार शांतपणें कळवितें, तर दुसरें आरडाओरडा करून सगळें काम तेथेंच थांबवितें. समोर मनुष्य बसलेला असतांना, चूक होणें अपेक्षितच असल्यामुळें, पहिलें रूप योग्य होय. उलट, रात्रीं हजारों नोंदींची नक्कल कोणाच्या देखरेखीवांचून चालली असेल तर दुसरेंच रूप हवें. कारण तेथें नकाराकडे कोणी पाहिलें नाहीं, तर नोंद गळून गेल्याचा पत्ताहि लागत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं माहिती नाहींशी होते ती बिघाडानें नव्हे; पहिल्या रूपाची आज्ञा देऊन तिचें उत्तर न ऐकल्यानें होते.

नकार मिळाल्यावर कंट्रोलरनें काय करावें, हा यापुढील प्रश्न. आणि दोन कारकुनांमधील अंतर येथेंच दिसून येतें. अर्जदाराला पुन्हां कोऱ्या अर्जाच्या पत्त्यावर पाठविलें, तर ती सर्वस्वीं नवी मागणी ठरते. वेबच्या दोन मागण्यांमध्यें स्वाभाविक स्मृति नसते. तेव्हां त्यानें लिहिलेला मजकूर आणि चुकांची यादी दोन्ही हरवतात. म्हणून ज्या वस्तूवर चुका नोंदल्या गेल्या, तीच वस्तु हातीं ठेवून अर्जाचें पान पुन्हां रेखाटावें हें योग्य. मग बरोबर लिहिलेले रकाने जसेच्या तसे भरलेले राहतात, आणि चुकलेल्या रकान्यांभोंवतीं रेल्स आपण होऊन एक खुणेचें वेष्टण घालतें. गुप्त शब्दाचा रकाना तेवढा रिकामा येतो, व तो तसाच यावा. या उत्तरासोबत ४२२ हा संकेतांक पाठवावयाचा असतो; 'मागणी समजली, परंतु तींतील मजकूर स्वीकारतां येत नाहीं' असा त्याचा अर्थ. २०२१ अखेरच्या सातव्या आवृत्तीपासून रेल्सबरोबर येणारें 'टर्बो' नांवाचें साधन हा अंक पाहतें. अर्ज पाठविल्यावर २०० हा यशाचा अंक मिळाला, तर तें पान बदलीतच नाहीं. अर्जदार बटण दाबीत राहतो आणि पडद्यावर कांहींच घडत नाहीं. चूक झाली आणि ती कळलीहि नाहीं, यासारखी दुसरी विटंबना नाहीं.

आतां संदेशाच्या शब्दांकडे वळावें. रेल्स रकान्याचें नांव आणि चुकीचें वर्णन एकापुढें एक ठेवून वाक्य जुळवितें. मूळचे संदेश इंग्रजी असून अन्य भाषांतील संदेश निराळ्या फायलींत लिहून द्यावे लागतात. इंग्रजीला ही जुळणी सोसते, मराठीला सोसत नाहीं. पत्ता रिकामा असतो, जन्मतारीख रिकामी असते आणि नांव रिकामें असतें. एकच ठराविक शब्द तिन्ही ठिकाणीं लावला कीं दोन ठिकाणीं तरी व्याकरण मोडतें, आणि वाचणाराला यंत्राचा परकेपणा जाणवतो. यावर उपाय असा, कीं लिंगाप्रमाणें बदलणारें विशेषणच टाळावें. 'पत्ता लिहिणें आवश्यक आहे', 'जन्मतारीख लिहिणें आवश्यक आहे' हें वाक्य कोठेंहि बसतें. शिवाय तें दोष न देतां पुढें काय करावें हेंहि सांगतें. संदेश ज्या त्या रकान्याजवळच असावा, आणि तो केवळ तांबड्या रंगानें दर्शविलेला नसावा. ज्यांना रंग ओळखूं येत नाहींत किंवा जे पान कानांनीं ऐकतात, त्यांनाहि तो पोंचला पाहिजे.

परंतु संदेश कितीहि गोड असला तरी नियमच चुकीचा असेल तर काय उपयोग? 'नांवांत फक्त अक्षरें असावीं' असा साधा दिसणारा नियम घ्या. तो रोमन लिपीपुरताच लिहिला तर प्रत्येक देवनागरी नांव नाकारलें जातें. 'कोणत्याहि लिपीचें अक्षर' असें म्हणून भागेल असें वाटतें, परंतु युनिकोडच्या व्यवस्थेंत काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्ताचें चिन्ह यांची गणना अक्षरांत होत नाहीं. त्यांचा वर्ग निराळा आहे. म्हणजे 'कमल' आंत येते आणि 'सीता' दाराबाहेर राहते! लांबीच्या नियमाचीहि हीच गत आहे. 'श्रीनिवास' हें नांव वाचणाराला चार अक्षरांचें दिसतें, संगणक मात्र त्यांत नऊ चिन्हें मोजतो. वयाच्या रकान्यांत कोणी '३५' असें देवनागरींत लिहिलें, तर रूबीच्या दृष्टीनें तो अंकच नव्हे. अर्ज मॉडेलच्या हातीं देण्यापूर्वींच त्याचें रूपांतर करून घ्यावें लागतें. आडनांव नसलेलीं माणसेंहि जगांत आहेत. चुकीचा नियम चुकीच्या माहितीपेक्षां अधिक अन्याय करतो. कारण तो खऱ्या माणसाला, 'तुझें नांवच चुकीचें आहे' असें सांगतो.

चौथा नियम, म्हणजे ई-मेल दुसऱ्याचा नसावा हा, दिसतो सोपा पण आहे फसवा. मॉडेल प्रथम डेटाबेसला 'असा पत्ता आहे काय?' असें विचारतें, आणि नाहीं म्हणतांच नोंद करावयास पाठवितें. या दोन क्रियांमध्यें क्षणाचें अंतर असतें. त्याच क्षणीं दुसरा अर्ज तोच पत्ता घेऊन आला, तर दोघांनाहि 'नाहीं' हेंच उत्तर मिळतें आणि दोन्ही नोंदी आंत शिरतात. अर्ज पाठविण्याचें बटण एखाद्यानें अधीरपणें दोनदां दाबलें तरी एवढें पुरतें. म्हणून खरा पहारा डेटाबेसमधील अनन्य निर्देशिकेचाच असला पाहिजे. मॉडेलमधील नियम हा सौम्य शब्दांत सूचना देण्यापुरता. निर्देशिकेनें नोंद नाकारली म्हणजे जो अपवाद उद्भवतो, तो झेलून त्याचेंहि रूपांतर 'हा पत्ता अगोदरच नोंदलेला आहे' अशा साध्या चुकींत करावें.

शेवटीं एक धोका असा, कीं त्याकडे बहुधा उशिरा लक्ष जातें. नियम काळानुसार बदलतात. वाचनालयानें आज दूरध्वनीचा क्रमांक आवश्यक केला, तर कालच्या सर्व क्रमांकहीन नोंदी एका रात्रींत अशुद्ध ठरतात. तशा एखाद्या वृद्ध सभासदाला केवळ पत्ता बदलावयाचा असतो. पण अर्ज परत येतो, तोहि त्यानें न विचारलेल्या रकान्यासाठीं. यावर घाईचा उपाय म्हणजे तपासणी वगळून थेट डेटाबेसमध्यें लिहिणाऱ्या आज्ञा वापरणें. तशा आज्ञा रेल्समध्यें आहेतहि, आणि त्यांच्यामुळेंच अशुद्ध माहिती चोरवाटेनें आंत येते. त्यापेक्षां नवा नियम नव्या नोंदींपुरता लावावा, जुन्या सभासदांकडून क्रमाक्रमानें माहिती मागवावी, आणि सर्व नोंदी पूर्ण झाल्या म्हणजे मगच नियम सर्वांना लागू करावा.

तपासणी कडक असावी आणि नकार सौम्य असावा, या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहींत. माहितीच्या वहींत खोटें किंवा अर्धवट कांहीं शिरूं नये म्हणून दार बंद ठेवणें हें प्रोग्रॅमचें कर्तव्यच आहे. परंतु त्या दाराबाहेर एक मनुष्य उभा आहे. त्यानें अर्धा तास खर्चून कांहीं लिहिलें आहे, आणि त्याचें कांहीं काम अडलें आहे. त्याचें लिहिलेलें जपणें, सर्व चुका एकदम व त्याच्या भाषेंत सांगणें, आणि दुरुस्तीची वाट दाखविणें, एवढें ज्या प्रोग्रॅमला साधलें, त्याच्या नकारानेंहि कोणी दुखावला जात नाहीं.